जव्हारच्या बैठकीत मी आधी बोलले

नाशिकच्या स्टँडवरून जव्हारची एसटी सुटली तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मला खिडकी मिळाली होती. तुम्हाला सांगते, खिडकीची किंमत मला जेवढी तेवढी दुसऱ्या कुणाला नसेल. तीस वर्षं मी खानावळ चालवली आणि तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या. त्यामुळे गाडी हलली की मी बाहेर बघत बसते, मग बाहेर नुसते पत्र्याचे कारखाने का असेनात.

मला बोलावलं होतं केतकीने. केतकी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. जव्हारला एका संस्थेत नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवर (पाडा म्हणजे डोंगरातली छोटी वस्ती) ही संस्था पाळणाघरं चालवते. आई कामावर गेली की तीन वर्षांखालची मुलं तिथे राहतात, दुपारी गरम जेवतात, झोपतात. प्रत्येक पाळणाघरावर गावातलीच एक बाई नेमलेली असते, तिला सगळे ताई म्हणतात. वर्षातून एकदा या ताया जव्हारला दोन दिवसांच्या शिबिराला येतात. यंदा ते शिबिर केतकीने चालवायचं होतं, पहिल्यांदाच.

"मावशी, तू ये," ती फोनवर म्हणाली. "तुझं जव्हार बघून होईल आणि मला जरा धीर येईल."

"अगं पण शिबिरात मी काय करू?"

"काही करायचं नाही. नुसती बसून राहा."

इतकं सोपं काम मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. आणि तेवढंच मला जमलं नाही, ते पुढे येईलच.

त्र्यंबक मागे पडलं आणि तोरंगणचा घाट सुरू झाला. फाल्गुनातले डोंगर उघडे, तपकिरी, आणि मधेच कुठे पळस पेटल्यासारखा लाल. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर दीड-दोन वर्षांची पोर. दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला गेली होती, होळीला घरी चालली होती. वळणं लागली तशी पोर रडायला लागली, आणि अशी रडायला लागली की पुढचे लोक मागे वळून बघायला लागले. मी केतकीसाठी नागलीचे लाडू घेतले होते. (आपण जिला नाचणी म्हणतो तिला इकडे नागली म्हणतात.) डबा उघडला, तेवढ्यात गाडीने असं वळण घेतलं की सहा-सात लाडू टणाटण उड्या मारत पार ड्रायव्हरपर्यंत गेले. कंडक्टरने एक बुटाने अडवला.

"आजी, हा तिकिटात धरू का सामानात?"

सगळी गाडी हसली. डब्यात राहिलेल्यातला एक मी पोरीच्या हातात दिला. दोन्ही हातांनी धरून ती चाटायला लागली, आणि रडणं बंद. तिची आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "गप झाली बघा." मला फार शहाणी झाल्यासारखं वाटलं. ते वाटणंच मला नडलं, पण तेव्हा काय माहीत!

मोखाड्याला गाडी दहा मिनिटं थांबली. स्टँडसमोर चहा घेतला. मायलेकी तिथेच उतरल्या. पुढे रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो, खाली खाचरं (भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं) वाळून भेगाळलेली. जव्हार आलं तेव्हा अकरा वाजत आले होते. उंचावरचं गाव, वारा गार, आणि ऊन असूनही अंगावर शाल हवीशी. केतकी स्कूटर घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं पाहून मला कळलं, ही झोपत नाहीये.

तिच्या खोलीत पलंगावर, खिडकीत, गॅसच्या शेगडीपाशी, सगळीकडे रंगीत चिकटचिठ्ठ्यांचे गठ्ठे. मला वाटलं दुकान काढलंय.

"हे विचारमंथनाचं सामान," ती म्हणाली. "प्रत्येकीने मनात येईल ते एका चिठ्ठीवर लिहायचं. नाव घालायचं नाही, म्हणजे भीती वाटत नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या भिंतीला लावायच्या आणि त्यातून मार्ग काढायचा."

"कशातून मार्ग काढायचा?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. मागच्या वर्षी भाताच्या लावणीच्या दिवसांत पाळणाघरं ओस पडली होती. कुठे दोन मुलं, कुठे एकही नाही, पोशेऱ्याच्या पाळणाघराला तर चक्क कुलूप. त्यावरून संस्थेच्या मोठ्या ऑफिसने ठरवत आणलं होतं, की यंदा लावणीचे आठवडे पाळणाघरं बंदच ठेवायची. "आणि मावशी, मुलांच्या खाण्याची सगळ्यात जास्त आबाळ होते ती त्याच दिवसांत. आई पहाटे जाते ती अंधार पडल्यावर येते. परवा दुपारी मोठे सर येणार आहेत. तोपर्यंत तायांकडून काही निघालं तर ते ऐकणार. नाही निघालं तर बंद."

मग तिने भिंतीवर लावायचा मोठा कागद दाखवला. त्यावर नियम होते. पहिलाच नियम, 'कुठलीही कल्पना वाईट नसते.' मी बुचकळ्यात पडले. माझ्या खानावळीत एका गिऱ्हाईकाने रविवारी कारल्याची भजी ठेवायची कल्पना काढली होती आणि मी ती ऐकली होती. ती चांगली होती असं कोण म्हणेल? पण नव्या काळाच्या गोष्टी नव्या माणसांना ठाऊक, म्हणून मी तोंड मिटून शेगडीपाशी जागा करून भात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये चोवीस ताया आल्या. ठेवणीतल्या साड्या, केसात फुलं, हातात पिशव्या. कुणी जीपने, कुणी एसटीने, कुणी दोन तास चालून मग जीपने. आल्याआल्या कुणीही न सांगता त्यांनी हजेरीची वही मागितली आणि रांगेत सह्या केल्या. केतकीने खुर्च्या गोल मांडल्या होत्या, तर त्यांनी त्या उचलून सरळ रांगांत लावल्या. आणि मी कोपऱ्यात बसले होते, तर एकीने माझी खुर्ची उचलून पुढे, सगळ्यांच्या समोर नेली, टेबल आणलं, त्यावर पाण्याची बाटली ठेवली आणि माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं. पांढरे केस बघून त्यांना मी प्रमुख पाहुणी वाटले! केतकी म्हणाली, "अहो, ही माझी मावशी आहे." त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

केतकीने प्रश्न विचारला. लावणीच्या दिवसांत मुलं पाळणाघरात का येत नाहीत, आणि यावीत म्हणून काय करता येईल? मनात येईल ते सांगा.

कुणी बोलेना.

चोवीस बायका माझ्याकडे बघत होत्या. पंखा फिरत होता. केतकी शांत उभी, तिचे ओठ जरासे हलत होते. मला तिची इतकी दया आली, म्हणून सांगू! एवढं सामान आणलं, रात्रभर जागली, आणि या बायका ढिम्म. मनात म्हटलं, कुणीतरी सुरुवात केली की गाडी चालू होईल. आणि मी बोलले.

"बायांनो, मला आपलं वाटतं, दुपारी नागलीचा लाडू द्यावा. लाडवाच्या ओढीने पोरं आपोआप येतील. काल एसटीत एक पोर—"

पुढची गोष्ट मी हातवारे करून सांगितली. त्या हसल्या, माना डोलावल्या. मग केतकीने जड आवाजात सांगितलं, "आता चिठ्ठ्यांवर लिहा." सगळ्या खाली माना घालून लिहायला लागल्या. मला वाटलं, बघा, झाली की नाही सुरुवात!

चिठ्ठ्या भिंतीला लागल्या. मी चष्मा पुसून वाचायला गेले. 'लाडू द्यावेत.' 'मुलांना लाडू देण्यात यावेत.' 'नागलीचा लाडू द्यावा, पौष्टिक असतो.' 'आजींनी सांगितल्याप्रमाणे लाडू.' एकीने धीटपणाने लिहिलं होतं, 'दोन लाडू द्यावेत.' नाव घालू नका सांगितलं होतं, तरी प्रत्येक चिठ्ठीखाली पूर्ण नाव, गाव आणि तारीख. तेवीस चिठ्ठ्यांवर लाडू. चोविसावीवर काहीच नव्हतं, फक्त खाली नाव, सुनीता, आणि गाव, पोशेरा.

जेवणाच्या सुट्टीत केतकीने मला जिन्यात गाठलं.

"मावशी, तू का बोललीस?"

"अगं, सगळ्या गप्प होत्या. मला बघवेना."

"गप्पच राहू द्यायचं होतं गं! मी मनात साठपर्यंत आकडे मोजत होते. आम्हाला शिकवलंय, विचारून झालं की साठ मोजायचे, तोवर कुणीतरी बोलतंच. मी एकेचाळीसपर्यंत आले होते."

आता साठ मोजायचे असतात हे मला कसं कळावं? पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी वाद घातला नाही. ती म्हणाली, "आज दुपारी तू बाहेर फिरून ये. प्लीज." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खोलीतून बाहेर काढलं होतं, आणि तेही सख्ख्या भाचीने.

मला फिरवायचं काम हौसाबाईंवर आलं. हौसाबाई तायांमध्ये सगळ्यात जुन्या, साठीच्या, दाभोशाकडच्या. त्यांचा नातू आजारी होता म्हणून त्यांना तसंही घरी डोकावून यायचं होतं. आम्ही शेअरच्या जीपने निघालो. जीप भरेपर्यंत हलत नाही. आम्हाला वाटलं भरली, ड्रायव्हरला वाटलं अजून चार बसतील. चार बसले.

दाभोशाचा धबधबा पावसाळ्यात म्हणे दोन धारांनी कोसळतो. मी पाहिला तेव्हा उंच काळ्या कड्यावरून एक बारीकशी धार हळूहळू खाली येत होती आणि खालचा डोह हिरवागार, अगदी थंड. मी पायऱ्यांवर बसून पाय चेपत होते. हौसाबाई म्हणाल्या, "खाली उतरू नका आजी, मंग वर कोण आननार तुमाला?"

त्यांचं घर कुडाचं (कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप दिलेल्या भिंतींचं), आतून गार. नातवाचा ताप उतरला होता. सुनेने कोरा (बिनदुधाचा) चहा दिला आणि नागलीची भाकरी, वर सुकटाची चटणी. चटणी अशी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्याच्या आडोशाने मी विचारून घेतलं.

"हौसाबाई, खरं सांगा. तुम्हाला लाडवाची गोष्ट पटली का?"

"नाय."

"मग लिहिलीत कशाला?"

"तुमी पयल्या बोललात ना! मोठ्या मानसानं सांगितला, मंग त्याच्यावर दुसरा कसा बोलायचा? तुमचा बोल खाली पाडायचा काय?"

"पण मी बोलायच्या आधीही तुम्ही गप्पच होतात."

त्या हसल्या. सुनेकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या, तीही हसली. मग मला म्हणाल्या, "आजी, आमच्यात बैठकीत बोलत नाय. पाड्यावर काय ठरवायचा असला का आमी वाटेनं बोलतू. पान्याला जाताना, लाकडाला जाताना, बाजाराला जाताना. दोघी-तिघी, दोघी-तिघी. बोलून बोलून ठरतां. मंग बैठकीत नुसता सांगायचा. तुमी तर आमाला आधी बैठकीतच बसवलां. आमच्याजवळ सांगायला काय होतां?"

 माझी सगळी कल्पना उलटी होती. बैठक म्हणजे बोलायची जागा असं मी धरलेलं, आणि यांची बैठक म्हणजे बोलणं संपल्यानंतरची. मग केतकीच्या चिठ्ठ्यांचं काय? आणि उद्या दुपारी तर सर येणार!

दिवेलागणीला परत येऊन मी केतकीला हे जसंच्या तसं सांगितलं. तिने नियमांचा कागद गुंडाळून ठेवला. "असं मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नाही," ती म्हणाली. "आणि उद्या चालून चालूनही काही निघालं नाही तर?" मी भात वाढला.

सकाळी ताया आल्या, सह्या केल्या. केतकीने हॉलचं दार उघडलंच नाही. "आपण हनुमान पॉइंटला चालत जाऊन येऊ. दोघी दोघी. कागद नाही, पेन नाही. कालचाच प्रश्न, आपापल्या बोलीत बोला. आल्यावर काय ठरलं ते सांगा." त्या आधी गोंधळून एकमेकींकडे बघत राहिल्या. मग हौसाबाईंनी एकीचा हात धरला आणि चालायला लागल्या, तशा बाकीच्या निघाल्या. मला ताकीद होती, सगळ्यांच्या मागून चालायचं आणि कुणाशीही बोलायचं नाही.

पण एक ताई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून जोड्या लावताना एक सुटी राहिली. सुनीता. कोऱ्या चिठ्ठीची. तिशीची, बारीक अंगाची, बारावी शिकलेली. ती हळू हळू चालत मागे पडली आणि माझ्या बरोबरीला आली. मी ताकीद आठवून गप्प. पुढे अकरा जोड्या, आणि त्यांचा असा कलकलाट की कालच्या त्याच बायका हे खरं वाटेना. कुणी वारली बोलत होतं, कुणी कोकणा, कुणी आणखी काही. मला तिसरा शब्द कळायचा आणि चौथा निसटायचा.

"आजी," सुनीता एकदम म्हणाली, "काम खरं केलं आणि लिहिलं खोटं, तर त्याला काय म्हणायचं?"

मी ताकीद विसरले. नुसतं "म्हणजे गं?" म्हटलं.

तिने चालता चालता सांगितलं. लावणीला पाड्यातली घरं एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने जातात. आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या. शेतं ओढ्यापलीकडे, डोंगराच्या अंगाला. अंगावर पिणारं पोर पाळणाघरात ठेवलं तर दूध पाजायला येऊन परत जायला आईचा अर्धा दिवस जातो. म्हणून बाया पोरं बरोबर नेतात, बांधावर चिखलात ठेवतात. "मी दोन दिवस रिकाम्या पाळणाघरात बसले. तिसऱ्या दिवशी खिचडी शिजवली, पातेलं डोक्यावर घेतलं नि त्यांच्या मागं गेले. झाडाला झोळ्या बांधल्या. चौदा मुलं होती आजी, रोज पोटभर जेवली. पण मुलांच्या हजेरीच्या वहीत जागा एकच छापलेली, पाळणाघर. मी तेच लिहीत गेले. नि एक दिवस तपासणीला कुणीतरी आलं, तर कुलूप. मला विचारलं, तर मी घाबरून सांगितलं, त्या दिवशी आजारी होते."

"मग आता सांगून टाक की!"

"सांगितलं तर वही खोटी, आजार खोटा. काढून टाकतील. मग मलाही द्राक्षाला जावं लागेल नि पोरीची शाळा सुटेल, सातवीत आहे ती. नि नाही सांगितलं तर पाळणाघर बंद." ती थांबली. "केतकीताईंना बोलू नका. शपथ आहे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पॉइंटवरून खोल दरी दिसत होती आणि समोरच्या टेकडीवर झाडीतून जव्हारच्या राजांच्या राजवाड्याचा घुमट. ताया एकमेकींना हाका मारत फोटो काढत होत्या. मी मात्र मागेच उभी होते. काल बोलून चुकले होते. आज गप्प राहून चुकत असेन तर?

परत आलो तर सर येऊन बसले होते, ठरल्यापेक्षा तासभर आधी. चष्मा लावलेले, सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. केतकीने त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, आज सगळ्यात धाकटी ताई आधी बोलेल, मग वयाने चढत जाऊ. तुम्ही आणि मावशी सगळ्यात शेवटी. तोपर्यंत कृपा करून मागे बसाल का?" सर मागच्या सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसले.

धाकटी उठली, विशीची असेल. "आमचं ठरलं ते सांगते. आयांना दूध पाजायला यायला जमत नाही, म्हणून मुलं येत नाहीत." बसली. दुसरी म्हणाली, ओढ्याला पाणी असतं तेव्हा मुलाला घेऊन कोण ओलांडणार? तिसरी म्हणाली, "लाडू नको. लाडवानं पोरांना तहान लागते, नि चिखलात प्यायचं पाणी कुठून आणायचं?" सगळ्यांनी चोरून माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान हलवली, बरोबर आहे, बरोबर आहे!

मग सुनीताची पाळी आली. ती उठली आणि बोलेना.

केतकीचे ओठ हलायला लागले. मीही मोजायला लागले. वीस. तीस. सर पुढे झुकले, त्यांना बहुतेक तिला मदत करायची होती. मी त्यांच्या बाहीला धरून मागे ओढलं. परक्या पुरुषाच्या, साहेबाच्या बाहीला! त्यांनी चमकून बघितलं, पण गप्प बसले. चाळीस. एकेचाळीस. पन्नास.

"पोशेऱ्याचं पाळणाघर बंद नव्हतं," सुनीता म्हणाली. "ते शेतावर होतं."

आणि तिने सगळं सांगितलं, वहीचं, आजाराचं, पातेल्याचं. उभी राहूनच. सांगून झाल्यावरही बसली नाही.

सर म्हणाले, "ते कुलूप मीच पाहिलं होतं. तासभर ओट्यावर बसलो होतो."

खाली रस्त्यावरून जीपवाल्याची आरोळी ऐकू आली. मला वाटलं, संपलं. शेवटी हौसाबाई बोलल्या, पाळी नसताना.

"अगं बय सुनीता, तासभर बसले सर, नि पाड्यावर कुनी सांगितला नाय का पोरां कुठं हायेत?"

"पाड्यावर होतं कोण? सगळी लावणीला."

"मंग सर, ओढा ओलांडून गेला असतात तर खिचडी तरी मिळाली असती!"

कोणीतरी फिस्स करून हसलं. सरही हसले, चष्मा काढून. आणि मग जे सुरू झालं ते मला नीट सांगताच येणार नाही, कारण सगळ्या एकदम बोलत होत्या. एक म्हणे, पाऊस आला तर झोळीवर काय टाकायचं? दुसरी म्हणे, ताडपत्री. तिसरी म्हणे, साप निघाला तर? आमच्याकडे दोन पाड्यांची लावणी एकाच दिवशी असते, मग ताई कुठल्या शेतावर जाणार? आदल्या दिवशी विचारून वहीत शेताचं नाव लिहायचं. मग वहीत तसा रकाना छापा ना! पातेलं उचलायला दुसरी बाई हवी. धाकटी साठीच्या ताईला खोडून काढत होती आणि साठीची ऐकत होती. कोऱ्या चिठ्ठ्या संपल्या, तेव्हा केतकीने कालच्या लाडवाच्या चिठ्ठ्या भिंतीवरून ओरबाडल्या आणि त्यांच्या पाठीवर लिहायला लागली. काल त्या मुक्या होत्या आणि आज थांबत नव्हत्या, यातलं नक्की काय कशाने झालं, चालण्याने, धाकटीने, सुनीताने की हौसाबाईंच्या टोमण्याने, ते मी केतकीला विचारलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

माझी पाळी शेवटी आली. मी म्हटलं, "मला काही सांगायचं नाही." टाळ्या पडल्या.

सर उठले. म्हणाले, "शेतावरच्या पाळणाघराचं मी वर मांडतो. पण सुनीताताई, वहीतली नोंद खोटी आहे. त्याचं लेखी द्यावं लागेल. त्यावर काय ठरेल ते माझ्या एकट्याच्या हातात नाही."

"देते," ती म्हणाली. तिथेच खाली बसून तिने ते लिहिलं. कुणाला वाचायला दिलं नाही, कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत निघाले. सुनीता त्याच एसटीत होती. मोखाड्याला उतरताना म्हणाली, "पोशेरा बघून जा की आजी, दुपारची गाडी मिळेल." मी उतरले. जीपने पोशेऱ्याला गेलो. तिचं पाळणाघर म्हणजे एक खोली, ओटा, भिंतीवर पांढऱ्या रंगात काढलेली नाचणारी माणसं आणि कोंबड्या. पण ती तिथे थांबलीच नाही. मला घेऊन ओढ्यापर्यंत गेली. ओढा कोरडा, पलीकडे वाळलेली खाचरं डोंगरावर चढत गेलेली. एक बाई मोळी घेऊन येत होती, तिला सुनीताने थांबवलं. दोघी बांधावर उभ्या राहून बोट दाखवून दाखवून बोलायला लागल्या आणि बघता बघता भांडायलाच लागल्या. मी घाबरले.

"काय झालं गं?"

"काही नाही आजी. ही म्हणते झोळ्या आंब्याला बांध, सावली दाट आहे. मी म्हणते त्या आंब्यावर लाल मुंग्या आहेत."

अजून मंजुरी नव्हती. तिची नोकरी राहील की जाईल तेही ठरलं नव्हतं. पाऊस तीन महिने लांब होता. आणि या दोघी झाडावरून भांडत होत्या. मी बांधावर बसून बाटलीतलं पाणी प्यायले.

घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, राजवाडा पाहिलात का, धबधबा कसा आहे, थंड हवा असते ना? मी सांगते आपलं काहीबाही. जव्हार सुंदर आहे, जरूर जा, पावसानंतर जा म्हणजे दाभोसा भरलेला दिसेल, गुडघे दुखत असतील तर पायऱ्या उतरू नका. पण खरं विचाराल तर मी दोन दिवस एका हॉलमध्ये आणि एका रस्त्यावर काय पाहिलं, ते मला अजून नीट जुळवता येत नाही. माणसांना बोलतं करायचं म्हणजे काय करायचं, तेही आलं नाही.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला केतकीचा फोन आला. ऑफिसचं पाकीट पोशेऱ्याला पोहोचलं होतं, आणि ती स्वतःच घेऊन गेली होती. आत दोन कागद होते. एकात लिहिलं होतं, की यंदा लावणीत पोशेऱ्याचं पाळणाघर शेतावर चालवावं, सुनीताताईंनी मागच्या वर्षी केलं तसंच, आणि बाकीच्या तायांना त्यांनी ते दाखवावं. दुसऱ्यात लिहिलं होतं, की मागच्या वर्षी पाळणाघर परवानगीशिवाय दुसरीकडे नेलं आणि वहीत खोटी नोंद केली याबद्दल सुनीताताईंना ताकीद देण्यात येत आहे. खाली दोन्हींवर सही एकाच माणसाची.

"अगं, म्हणजे शाबासकी का शिक्षा?" मी विचारलं.

"मला काय माहीत मावशी! नोकरी आहे, एवढं नक्की."

"आणि ती काय म्हणाली?"

"तिने दोन्ही कागद वाचले. दोन्हींवर मिळाल्याची सही केली. मग पाकीट पालथं करून आत आणखी काही आहे का बघितलं, आणि मला म्हणाली, ताई, ताडपत्री कधी देणार?"